पाचगणीत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी

क्वीन या जगप्रसिद्ध रॉक बँडचा गायक आपल्या महाराष्ट्रात शिकला, हे तुम्हाला माहीत आहे का? फ्रेडी मर्क्युरीचं मूळ नाव फारोख बुलसारा. पारशी घरातलं हे लेकरू ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर जन्मलं. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. आईवडील समुद्रापलीकडे! आपल्याकडे आईबाबा ऊसतोडीला गेले की जी मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांना हे एकटेपण वेगळं सांगायला नको. तिथंच तो पियानो शिकला, मित्रांसोबत द हेक्टिक्स नावाचा बँड काढला.

१९६४ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० मध्ये क्वीन सुरू झाला. पाच वर्षांनी आलेलं बोहेमियन रॅप्सडी हे जवळपास सहा मिनिटांचं गाणं त्यानंच लिहिलं.

गिटार मात्र त्याला बेताचीच यायची. १९७९ साली म्युनिकच्या हॉटेलात टबमध्ये अंघोळ करताना त्याला एक चाल सुचली. येणाऱ्या मोजक्या कॉर्डवरच त्यानं ती बसवली, म्हणून गाणं साधं, ठसकेबाज झालं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं! स्टेजवर ते गाताना गिटार तो स्वतः वाजवायचा.

माइकच्या स्टँडची गंमत तर ऐकाच. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात स्टँड मधेच तुटला. हा अर्धा दांडा हातात धरूनच गात राहिला. पुढं तीच त्याची ओळख झाली. १९८५ च्या लंडनमधल्या लाइव्ह एड कार्यक्रमातही तोच अर्धा दांडा दिसतो.

एड्सनं शरीर खंगलं, तरी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी तो गाणी रेकॉर्ड करत राहिला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो गेला. त्यातली काही गाणी लोकांनी १९९५ साली ऐकली.