गेऑर्ग फॉन बेकेशी

गेऑर्ग फॉन बेकेशी (३ जून, १८९९ - १३ जून, १९७२) हे हंगेरीत जन्मलेले जीवभौतिकशास्त्रज्ञ होते. अंतर्कर्णात ध्वनीचे पृथक्करण कसे होते, याविषयीच्या संशोधनासाठी त्यांना १९६१ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बोलणे ऐकणाऱ्या आधुनिक यंत्रांच्या एका शाखेचा पाया या संशोधनात आहे.

जीवन

बेकेशी यांचा जन्म बुडापेस्ट येथे झाला. वडील राजनैतिक सेवेत होते. बर्न येथे रसायनशास्त्र शिकल्यावर १९२३ साली त्यांनी बुडापेस्ट विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. नंतर ते हंगेरीच्या टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत दूरध्वनीवर काम करू लागले. यंत्रणेचा कोणता भाग सुधारावा, हे ठरविण्यासाठी कानाची क्षमता जाणणे त्यांना आवश्यक वाटले. १९४६ साली ते स्वीडनला व १९४७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. १९६६ पासून ते हवाई विद्यापीठात होते. होनोलुलू येथे त्यांचे निधन झाले.

संशोधन

कॉक्लिया ही अंतर्कर्णातील शंखासारखी वेटोळी नलिका सुमारे ३५ मिलिमीटर लांब असते. तिच्यातील पटलाचे तंतू वाद्याच्या तारांप्रमाणे स्वतंत्रपणे झंकारतात, असे हेल्महोल्ट्झ यांचे मत होते. बेकेशी यांनी पाणी व रबरी पडदा वापरून नलिकेच्या प्रतिकृती केल्या. शवांचे कान उघडून त्यांत चांदीचे सूक्ष्म कण टाकले व लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण केले. तेव्हा पटलावरून एक तरंग पुढे सरकताना दिसला. उच्च वारंवारतेचा तरंग नलिकेच्या प्रारंभीच कमाल उंची गाठतो, नीच वारंवारतेचा टोकाजवळ. त्यामुळे ‘स’ व ‘ऊ’ या वर्णांची छाप पटलावर भिन्न जागी उमटते.

मर्यादा

मृत कानात तरंग दिसण्यासाठी अतिशय मोठा आवाज वापरावा लागला. त्यात आढळलेला तरंगाचा माथा बोथट होता. जवळजवळचे स्वर कान इतक्या अचूकपणे कसे वेगळे करतो, याचा उलगडा त्यातून होत नव्हता. १९७८ साली डेव्हिड केम्प यांनी जिवंत कान स्वतःही क्षीण ध्वनी बाहेर टाकतो, हे दाखविले. कॉक्लियातील बाह्य केशपेशी क्षीण कंपनांना बळ देतात, हे पुढे स्पष्ट झाले.

प्रभाव

रिचर्ड लायन व कार्व्हर मीड यांनी १९८८ साली सिलिकॉन चिपवरील कॉक्लियाचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यातील गाळण्यांच्या साखळीतून विद्युत संकेत पुढे जाताना उच्च वारंवारता क्रमाने गळत जातात. ही रचना बेकेशी यांच्या तरंगाचेच अनुकरण होय. मात्र मृत कानाची नक्कल पुरेशी नसते. क्षीण आवाज वाढविणे व मोठा आवाज आवरणे हे जिवंत कानाचे कार्यही अशा यंत्रांना साधावे लागते.