खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी, १९२६ - १४ ऑगस्ट, १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मुक्तशैली कुस्तीच्या बँटमवेट (५७ किलो) गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. वैयक्तिक क्रीडाप्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारे ते स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू होत.

प्रारंभिक जीवन

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पहिलवान होते आणि पाच भावांत खाशाबा धाकटे होते. कुस्तीचे पहिले धडे त्यांना घरच्या आखाड्यातच मिळाले. त्यांचे शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या चले जाव चळवळीत त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना साहाय्य केले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. या काळात त्यांना बाबुराव बलावडे व बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन लाभले.

कुस्तीची शैली

खाशाबा उंचीने बेताचे होते. अंगबळापेक्षा चपळाई आणि पकडीतील समयसूचकता ही त्यांची मुख्य शस्त्रे होती. आखाड्यातील कुस्ती खडाखडीने सुरू होते. दोन्ही मल्ल मान, मनगट व दंड यांवर हात टाकून एकमेकांच्या ताकदीचा अंदाज घेतात. एकदा अंगाला अंग भिडले की डोळ्यांपेक्षा स्पर्शाचा उपयोग अधिक होतो. प्रतिस्पर्ध्याचा भार कोणत्या पायावर गेला, तो रेटतो आहे की ओढतो आहे, हे हाताला जाणवावे लागते व त्याच क्षणी डाव टाकावा लागतो. चिनी कुंग फूच्या विंग चुन परंपरेत हात हातास चिकटवून करावयाचा 'ची साओ' हा सराव याच जाणिवेसाठी असतो. आखाड्यात ती जोडीदाराबरोबरच्या रोजच्या लढतीतून येते. 'ढाक' हा खाशाबांचा हातखंडा डाव होता. त्यात प्रतिस्पर्ध्याच्या मानेभोवती पकड घेऊन त्याला जमिनीवर फेकले जाते. पकड क्षणभर लवकर किंवा उशिरा पडली तर हा डाव फसतो.

लंडन, १९४८

कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्यामुळे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जाऊ शकले. तेथे अमेरिकेचे माजी कुस्तीगीर रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केले. तोवर त्यांची सारी कुस्ती लाल मातीत झाली होती. मातीत पाय रुततो व चितपट होईपर्यंत लढत चालते. मॅटवर मात्र ठरावीक वेळ असतो व नियम वेगळे असतात. अशा अनोळखी पृष्ठभागावर लढूनही त्यांनी फ्लायवेट गटात सहावे स्थान मिळवले.

हेलसिंकी, १९५२

पुढील चार वर्षे खाशाबांनी मॅटवरील कुस्तीची कसून तयारी केली व वरच्या वजनगटात प्रवेश केला. त्यांच्या निवडीवरून वाद झाला व तो पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेला. त्यानंतर झालेल्या लढतीत त्यांनी निरंजन दास यांना हरवून आपला हक्क सिद्ध केला. प्रवासखर्चाचा प्रश्न मात्र उरला होता. कराड परिसरातील लोकांनी वर्गणी जमवली, तर राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना पराभूत केले. जपानचे शोहाची इशी यांच्याशी दीर्घ झुंज देऊन ते हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव यांच्याशी लढावे लागले. विश्रांतीचा हक्क मागण्यासाठी भारतीय पथकाचा अधिकारी तेथे उपस्थित नव्हता. ही लढतही ते हरले. इशी यांना सुवर्ण, मामेदबेयोव यांना रौप्य व खाशाबांना कांस्यपदक मिळाले.

मायदेशी परतल्यावर कराड ते गोळेश्वर अशी त्यांची मिरवणूक निघाली. तीत शंभरहून अधिक बैलगाड्या होत्या. नंतर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली व त्यातून मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचे कर्ज फेडले.

उत्तरायुष्य व मृत्यू

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले व पुढे सहायक पोलीस आयुक्त पदापर्यंत पोचले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेच्या ज्योतयात्रेत त्यांना सहभागाचा मान मिळाला. १४ ऑगस्ट, १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

सन्मान व वारसा

हयातीत त्यांना पद्म किंवा अर्जुन यांपैकी कोणताही पुरस्कार मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत उभारलेल्या कुस्ती संकुलास त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला आहे. गोळेश्वरमधील त्यांचे घर 'ऑलिंपिक निवास' या नावाने ओळखले जाते. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी १९९६ पर्यंत, तर कुस्तीतील पदकासाठी २००८ पर्यंत वाट पाहावी लागली.