वतनापासून उचलीपर्यंत : बाबासाहेबांची वेठीविरुद्धची लढाई

दिवाळीच्या सुमारास वैरागच्या रस्त्याने ऊसतोड टोळ्यांचे ट्रॅक्टर जाऊ लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, म्हातारी माणसं, लेकरं. मुकादमाची उचल फिटेपर्यंत त्यांना कोयता खाली ठेवता येत नाही. वैराग ज्या तालुक्यात आहे, त्या बार्शीत मे १९२४ मध्ये बहिष्कृतांच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. लंडनहून बॅरिस्टर होऊन परतल्याला त्यांना जेमतेम एक वर्ष झाले होते. त्यांची जयंती जल्लोषात साजरी करणाऱ्या आपण तरुणांनी त्यांचे आयुष्य या उचलीच्या बाजूनेही एकदा वाचले पाहिजे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी जन्मलेल्या बाबासाहेबांनी आपल्या समाजाची वेठ जवळून पाहिली होती. तिचे नाव होते महार वतन. रात्री-अपरात्री हाक आली की जायचे. कर्ता घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी तरी जायचे. कामाची यादी नाही, तासांचा हिशेब नाही. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागून आणायचे बलुते. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कामे ठरवून द्या, बलुत्याऐवजी रोख मोबदला द्या आणि ज्याला वतनातून सुटायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या, असा त्याचा गाभा होता. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. आपल्याच लोकांचा वतनाच्या तुकड्यावरचा जीव सुटत नव्हता, तरीही बाबासाहेब वतन सोडा असे सांगत राहिले. ही वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यामुळे, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पुढच्या वर्षी खोती रद्द करण्याचे विधेयक आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा थेट मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत संप झाला. त्यांची भूमिका स्पष्ट होती. काम सोडण्याबद्दल माणसाला शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणीत ते स्वतः उतरले. युद्धाच्या गरजेपोटी सरकारने खाणीत स्त्रियांना जमिनीखाली कामाला नेण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठवली होती. मंत्री म्हणून त्या निर्णयावरची टीका बाबासाहेबांना सोसावी लागली. ही सवलत तात्पुरती आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी, यावर त्यांनी भर दिला. १९४६ मध्ये बंदी परत आली. त्याच वर्षी बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

१९४७ मध्ये घटनेसाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी मुळावरच बोट ठेवले. उपाशी माणूस नोकरीसाठी आपले हक्क सोडून देतो, म्हणून केवळ सरकारपासूनचे स्वातंत्र्य पुरेसे नाही. मालकाच्या सत्तेलाही लगाम हवा. संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार, वेठबिगारी आणि सक्तीची मजुरी यांवर बंदी घातली. हे कलम खासगी मालकालाही लागू आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात ठरवले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर वेठीला बांधणारे कर्जच रद्द होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. सम्यक आजीविका हा धम्माच्या मार्गाचा भाग आहे, आणि तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत माणसांचा व्यापारही येतो. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

आज आपल्यातलेही काही तरुण कंत्राटदार, सुरक्षा एजन्सीचे मालक, बांधकाम व्यावसायिक झाले आहेत. बोलणे त्यांच्यापासूनच सुरू करू. कारखाना असो की ठेकेदार, मजूर मुकादमाचे आहेत म्हणून हात झटकता येणार नाहीत. उचलीचा हिशेब मजुराच्या भाषेत लेखी द्या. उचल फिटली नाही म्हणून कोणाला अडवू नका, कागदपत्रे ठेवून घेऊ नका. कोयता जोडीने धरला तरी बाईची मजुरी तिच्याच खात्यात जमा करा. कार्यकर्त्यांनी फडावर जाऊन हे चार प्रश्न विचारावेत. अडवून ठेवलेली टोळी दिसली तर तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.

वतनाचा तुकडा सोडा, असे बाबासाहेब आपल्याच माणसांना सांगत होते. वेठीवर मिळणारा नफा सोडा, हे आपल्यातल्या मालकांना सांगण्याची हिंमत आपल्यात हवी.

जय भीम! नमो बुद्धाय!