काझी शेख-उल-इस्लाम : बादशहाला नकार देणारे न्यायाधीश

बेळगावचा किल्ला विजापूरच्या आदिलशाहीत होता, हे आपण जाणतोच. ती आदिलशाही बुडवायला निघालेल्या औरंगजेबाला त्याच्याच मुख्य न्यायाधीशाने नकार दिला होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

मोगल राज्यातल्या मुख्य न्यायाधीशाला काझी-उल-कुझात म्हणत. गावोगावच्या काझींवर त्याची देखरेख असे आणि शरियतचा अर्थ बादशहा त्यालाच विचारी. पण त्याला नेमणारा आणि काढणारा बादशहाच. शाहजहान जिवंत असताना औरंगजेब तख्तावर बसला, तेव्हा ते रास्त असल्याचा निर्वाळा अब्दुल वहाब यांनी दिला आणि ते मुख्य काझी झाले. लाचेतून त्यांनी अमाप संपत्ती जमवली. १६७५ मध्ये ते वारले.

पुत्र शेख-उल-इस्लाम त्या पदावर आले. वडिलांच्या संपत्तीला त्यांनी हात लावला नाही. नजराणे घेतले नाहीत. वादी-प्रतिवादींना ते आधी आपसात मिटवायला सांगत.

पुढे औरंगजेबाने विचारले, विजापूर आणि गोवळकोंड्यावरची स्वारी धर्माला धरून आहे का? दोन्हीकडचे सुलतान मुसलमानच होते. काझींनी होकार दिला नाही. १६८३ च्या सुमारास पद सोडून ते मक्केला गेले. परतल्यावर बादशहाने पुन्हा बोलावले, तरी ते पद त्यांनी घेतले नाही.

स्वारी थांबली नाही. १६८६ मध्ये विजापूर पडले, पाठोपाठ बेळगावही मोगलांकडे गेले. पण त्या स्वारीला या काझींची संमती मिळाली नाही. नव्वद वर्षांनी राघोबादादांना दोषी ठरवून पुणे सोडणारे रामशास्त्री प्रभुणे आपल्याला घरचे वाटतात. हे काझीही त्याच वाटेचे.