महादजी शिंदे : पाटीलबावा आणि नानांची पत्रं

बीड शहराच्या पूर्वेला मन्सूरशाह वलींचा दर्गा आहे. तुमच्यापैकी बरेचजण तिथून रोज जात असतील. या दर्ग्याचं नातं थेट ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी आहे, हे मात्र वर्गात विचारलं तर एखादाच हात वर होतो. आज आपण त्या शिंद्यांमधल्या सर्वात मोठ्या माणसाची माहिती घेणार आहोत. पुस्तकात महादजींवर दोन-चार ओळी असतात : पानिपतनंतर दिल्लीवर पुन्हा वचक बसवणारे सेनापती. हे बरोबरच आहे. पण हा सेनापती आयुष्यभर दोन आघाड्यांवर लढला. एक रणांगणावर, आणि दुसरी कागदावर. ही दुसरी लढाई पुण्यात बसलेल्या नाना फडणवीसांशी होती आणि गंमत म्हणजे ते दोघे एकाच बाजूचे होते!

महादजींचा जन्म साधारण 1730 चा. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कण्हेरखेड, वडील राणोजी शिंदे. घरातली माणसं एकामागून एक लढाईत आणि दगाफटक्यात गेली. थोरले भाऊ जयाप्पा 1755 मध्ये नागोरला दग्याने मारले गेले. दत्ताजी 10 जानेवारी 1760 ला दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. पुतण्या जनकोजी पानिपतात गेला. 14 जानेवारी 1761 च्या त्या दिवशी महादजी स्वतः पायाला भयंकर जखम होऊन पडले होते. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाने, त्यांना उचलून आपल्या बैलावर घातलं आणि वाचवलं. पाय मात्र कायमचा अधू झाला. महादजी ते उपकार विसरले नाहीत. त्यांनी राणेखानाला भाऊ मानलं आणि पुढे मोठा सरदार केलं. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

इथेच आपल्या बीडचा संबंध येतो. परंपरेने असं सांगतात की, महादजींची पत्नी बीडची होती. पानिपतानंतर नवऱ्याचा पत्ता लागेना तेव्हा ती मन्सूरशाहांकडे गेली आणि ते परत यावेत म्हणून प्रार्थना करायला सांगितलं. महादजी परतले. त्यांनी या फकिराला ग्वाल्हेरला बोलावलं. ते काही गेले नाहीत, मुलाला, हबीबशाहांना पाठवलं. शिंद्यांच्या घराण्याने ही श्रद्धा पुढेही जपली. स्वतः महादजी कृष्णभक्त होते, भक्तिपर रचनाही करत. त्यांना या दोन्हीत काही विरोध वाटला नाही.

आता नाना. बाळाजी जनार्दन भानू, जन्म साताऱ्याला 12 फेब्रुवारी 1742. हा तरुण कारकूनही पानिपतावर होता. तोही जीव वाचवून आला, पण आई त्या मोहिमेतच गमावली. म्हणजे बघा, एकाने पाय गमावला, दुसऱ्याने आई. दोघांच्याही मनात तो दिवस घर करून बसला असणार. मला वाटतं, पुढच्या तीस वर्षांत दोघे कितीही भांडले तरी कधी पूर्ण तुटले नाहीत, त्याचं एक कारण हे असावं.

1773 मध्ये पेशवे नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. काका राघोबादादा पेशवे बनून बसले. तेव्हा पुण्यातल्या कारभाऱ्यांनी एकत्र येऊन त्यांना बाजूला सारलं. हेच ते बारभाईंचं कारस्थान. कारस्थान म्हटलं की आपल्याला वाईटच वाटतं, पण इथे अर्थ राजकारण असा घ्यायचा. नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव 18 एप्रिल 1774 ला पुरंदरावर जन्मला आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. राज्य चालवायला आज विधानसभा असते, तशी तेव्हा नव्हती. पण पाळण्यातल्या धन्याच्या नावाने मसलत करणारं हे मंडळ त्यातल्या त्यात जवळचं म्हणता येईल. सखारामबापू, हरिपंत फडके, नाना, शिवाय सरदार म्हणून शिंदे-होळकर. हळूहळू बाकीचे मागे पडले आणि मंडळ म्हणजे नाना असं झालं.

राघोबादादा इंग्रजांकडे गेले आणि 1775 मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. 1778 च्या शेवटी मुंबईहून इंग्रज फौज राघोबांना घेऊन पुण्याकडे निघाली, बोरघाट चढून जानेवारीत तळेगावला पोचली. मराठ्यांनी वाटेतला दाणागोटा, चारा सगळा नाहीसा केलेला. फौज उपाशी मागे फिरली आणि वडगावला महादजींनी तिला घेरलं. इंग्रजांना तह करावा लागला. राघोबा महादजींच्या ताब्यात आले. केवढा विजय! पुण्यात साखर वाटावी असाच.

पण पत्रांतली कुरबुर इथूनच वाढली. राघोबांना उत्तरेकडे नेऊन ठेवायचं ठरलं होतं. वाटेत नर्मदेच्या काठावर ते पहाऱ्यातून निसटले आणि 1779 च्या जूनमध्ये पुन्हा इंग्रजांच्या छावणीत हजर! शिवाय वडगावच्या तहात भडोच महादजींना देण्याचं इंग्रजांनी कबूल केलं होतं. नानांच्या जागी तुम्ही असता तर काय वाटलं असतं? ज्याच्या हाती कैदी दिला त्याच्याच हातून तो सुटतो, आणि त्याच माणसाला शत्रू शहर देऊ करतो. नानांच्या मनात संशय आला तर नवल नाही. महादजींच्या बाजूनेही बघा. जिवावर उदार होऊन लढलो आम्ही, आणि जाब विचारतो वाड्यात बसलेला कारकून.

ही पत्रं जायची कशी, तेही सांगतो. पत्र मोडीत लिहायचं. चिटणीस मजकूर लिहिणार, धनी शेवटी आपल्या हाताने थोडं लिहून शिक्का करणार. मग जासूद निघायचा, कधी पायी, कधी सांडणीवर. महत्त्वाचं पत्र असेल तर दोन नकला, दोन वाटांनी. एक लुटली गेली तर दुसरी पोचेल. आज आपण निळी खूण आली का म्हणून दोन मिनिटांत मोबाईल तीनदा बघतो. तिथे उत्तर येईपर्यंत लढाई होऊन जायची! म्हणून सेनापतीला पुष्कळ निर्णय विचारल्याशिवायच घ्यावे लागत, आणि पुण्याला ते नंतर कळत. नानांनी त्यावर उपाय केला होता. सदाशिव दिनकर नावाचा त्यांचा वकील महादजींच्या छावणीतच राहायचा आणि तिथली बारीकसारीक बातमी लिहून पाठवायचा. छावणीतल्या पाटीलबावांना हे माहीत होतं. तेही याच वकिलामार्फत आपला राग बरोबर पुण्याला पोचवत असत.

युद्ध पुढे चाललं. नानांनी पुण्यातूनच मोठी मोट बांधली : म्हैसूरचा हैदरअली, निजाम आणि नागपूरचे भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणलं. तिकडे ऑगस्ट 1780 मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. महादजींना आपला मुलूख सांभाळणं भाग पडलं. शेवटी 17 मे 1782 ला सालबाईचा तह झाला. मराठ्यांच्या बाजूने बोलणी केली महादजींनी. साष्टी इंग्रजांकडे राहिली, राघोबांना दरमहा 25000 रुपये ठरले, भडोच महादजींना मिळालं, आणि तह पाळला जाईल याची हमी दोन्ही बाजूंसाठी महादजींनीच घेतली.

नानांनी मात्र लगेच मान्यता दिली नाही. हैदरअलीला शब्द दिलेला, तो अजून इंग्रजांशी लढतोय. त्याला सोडून तह कसा करायचा? महिन्यांमागून महिने गेले. महादजी मंजुरी मागत होते, नाना थांबत होते. 7 डिसेंबर 1782 ला हैदर वारला आणि त्याच महिन्यात पुण्याची मान्यता आली. कोण बरोबर? मुलांमध्ये यावर दोन तट पडतात. माझं मत विचाराल तर तहाच्या बाबतीत महादजी व्यवहारी होते, आणि दिलेल्या शब्दाच्या बाबतीत नाना.

1784 मध्ये बादशाह शाहआलमने महादजींच्या हाती वकील-इ-मुतलक म्हणून सगळा कारभार दिला. पद पेशव्यांच्या नावाने, काम महादजींचं. ऐकायला फार मोठं वाटतं. पण खजिना रिकामा, सैन्याचा पगार थकलेला. पुण्याला वाटायचं, एवढी दिल्ली हाती आहे तर पैसे पाठवा. महादजी कळवत, मीच कर्जात आहे, तुम्ही पाठवा. जुलै 1787 मध्ये राजपुतांशी लालसोटजवळ गाठ पडली तेव्हा पगार थकलेल्या बादशाही पलटणी सरळ शत्रूकडे निघून गेल्या. महादजींना माघार घ्यावी लागली. आयुष्यातली सर्वात वाईट वेळ ती. फौज आणि पैसा यांची मागणी पुण्याकडे पुन्हापुन्हा जात राहिली.

नानांनी मदत मुद्दाम रोखली असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. दक्षिणेत टिपूशी लढाई त्याच वर्षी मिटली होती, तिजोरीवर ताण होता. मदत त्यांनी पाठवलीच, पण बाजीराव-मस्तानीचा नातू अलीबहाद्दर आणि तुकोजी होळकर यांच्याबरोबर. आता होळकर आणि शिंदे यांचं सूत किती जमत होतं ते तुम्हाला माहीत आहे! मदतही गेली आणि महादजींवर नजर ठेवणारी माणसंही गेली. छावणीत नवी भांडणं सुरू झाली.

मदत पुरती पोचण्याआधीच गुलाम कादिर नावाच्या रोहिल्याने दिल्ली घेतली आणि ऑगस्ट 1788 मध्ये म्हाताऱ्या बादशाहाचे डोळे काढले. महादजींनी फौज पाठवली. ऑक्टोबरात दिल्ली सोडवणाऱ्या त्या फौजेचा मुख्य कोण? राणेखान. पानिपतचा तोच भिस्ती! वर्गात हे सांगितलं की पोरं टाळ्या वाजवतात, दरवर्षी.

जून 1792 मध्ये महादजी पुण्याला आले. बादशाही वस्त्रं आणि फर्मान अठरा वर्षांच्या पेशव्यांना मोठ्या समारंभाने दिलं. दरबारात ते सर्वांच्या खाली बसले आणि बासनातून नवे जोडे काढून धन्यापुढे ठेवले, आमच्या घराण्याचं काम हेच म्हणून, अशी गोष्ट सांगतात. स्वतःला ते पाटीलच म्हणवत. ही नम्रता खरी की राजकारण, यावर तेव्हाही पुण्यात चर्चा होती. तरुण पेशव्यांना पाटीलबावा आवडू लागले. नाना अस्वस्थ झाले, कारभार सोडून काशीला जातो म्हणाले. हरिपंत फडक्यांनी मध्ये पडून समेट घडवला. इतकी वर्षं कागदावर चाललेलं भांडण समोरासमोर बसल्यावर बरंच निवळलं. हिशेबाचा वाद मात्र राहिलाच.

12 फेब्रुवारी 1794 ला पुण्याजवळ वानवडीला महादजी तापाने वारले. तारीख पाहिलीत ना? नानांच्या जन्माचीच तारीख. वानवडीची शिंदे छत्री तिथेच आहे. पुढच्याच वर्षी, 11 मार्च 1795 ला, आपल्या जिल्ह्याच्या हद्दीजवळ खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. तेव्हा बीड निजामाकडेच होतं. शिंद्यांची फौज त्या लढाईत होती, महादजी नव्हते. नाना 13 मार्च 1800 ला गेले.

नानांचं दप्तर वाईजवळ मेणवलीच्या त्यांच्या वाड्यात राहिलं होतं. पुढे द. ब. पारसनीसांसारख्या संशोधकांनी ते कागद मिळवून छापायला सुरुवात केली, म्हणून आज आपल्याला हे सगळं कळतं. घाटावरचा तो वाडा अजून उभा आहे. वाईला सहल गेली तर नक्की बघा.