हर्बर्ट फ्रूड: जुन्या बुटापासून स्पोर्ट्स कारच्या ब्रेक पॅडपर्यंत

पावसाळ्यात बुलढाण्याहून मलकापूरला जाताना राजूर घाट उतरावा लागतो. रस्ता ओला, समोर वळण आणि सगळी भिस्त तळहाताएवढ्या ब्रेक पॅडवर! असे पॅड ज्यांच्या खटपटीतून पुढे आले, त्या हर्बर्ट फ्रूड यांची ही गोष्ट.

घाट आणि जुने बूट

फ्रूड यांचा जन्म १८६४ चा. ते इंग्लंडच्या डर्बीशर भागात, चॅपल-एन-ल-फ्रिथ गावाजवळ राहायचे. हा भागही डोंगराळ आणि पावसाचा. उतारावर घोडागाडी आवरायला चाकावर लाकडी ठोकळा दाबायचे. पकड वाढावी म्हणून गाडीवाले त्या ठोकळ्यावर चक्क जुने बूट ठोकायचे.

फ्रूड यांच्या लक्षात आलं, की ठोकळा तोच ठेवून फक्त घासणारा पृष्ठभाग बदलला तरी गाडी चांगली थांबते. मग त्यांनी विणलेल्या पट्ट्यांमध्ये डांबरासारखे पदार्थ मुरवून ब्रेकचं अस्तर बनवलं. तपासणीसाठी पाणचक्कीवर चालणारं यंत्र उभारलं. १८९७ मध्ये धंदा सुरू झाला. नाव ठेवलं फेरोडो: आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, त्यात पत्नी एलिझाबेथच्या नावातलं 'ई' घालून.

वेग वाढला, उष्णता वाढली

मग मोटारी आल्या. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते आणि तिची उष्णता होते. सुती अस्तर त्यात जळायचं. म्हणून फ्रूड ॲस्बेस्टॉसकडे वळले. ते उष्णता सोसायचं, पण त्याची धूळ फुप्फुसांना घातक. त्यामुळे आता ॲस्बेस्टॉस नसलेले पॅड वापरतात. फ्रूड १९३१ मध्ये वारले. पुढे मुंबईत घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडो कंपनी उभी राहिली. आजची हिंदुस्तान कंपोझिट्स ती हीच.

मग आपण पॅड कोणते घ्यायचे?

फ्रूड यांनी ठोकळा सोडून घासणारा पदार्थ बदलला. आपणही महागड्या नावाआधी पदार्थ बघायचा.

• रेसिंग पॅड रोजच्या गाडीला नको. ते गरम झाल्यावरच नीट पकडतात. पावसात डिस्क थंड आणि ओली असते, त्यामुळे पहिल्याच दाबाला पकड कमी मिळते. घाटात तोच क्षण महत्त्वाचा.
• रस्त्यासाठीचे चांगले सिरॅमिक किंवा सेमी-मेटॅलिक पॅड घ्या. बऱ्याच पॅडच्या कडेला 'एफएफ', 'जीजी' अशी दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं गरम झाल्यावरची. 'ई'पेक्षा 'एफ' आणि 'एफ'पेक्षा 'जी' जास्त.
• नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू बरेचदा ब्रेक लावा. पॅड डिस्कवर नीट बसतात.
• पाण्यातून गेल्यावर, मागे गाडी नसेल तेव्हा, ब्रेक हलका दाबून डिस्क कोरडी करा. खाचा किंवा छिद्रं असलेल्या डिस्कमधून पाणी लवकर निघतं.

पण लक्षात ठेवा, पॅड चाक थांबवतं, गाडी थांबवतो टायर. टायर गुळगुळीत असेल तर सगळ्यात महाग पॅडही कामाचा नाही. मेहकर, सिंदखेडराजावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर पाऊस लागला, तर आधी वेग कमी करा आणि अंतर वाढवा.