पत्रांतून शिकलेली भाषा

इ. स. १८८३ सालच्या फेब्रुवारी महिन्याची २४ तारीख होती. बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजात श्रोत्यांची दाटी झाली होती. त्यांत देशी लोक होते, तसेच युरोपीयही होते. त्यांच्यासमोर महाराष्ट्रीय वेष केलेली एक तरुणी उभी होती. तिला अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी आपण अमेरिकेस का जात आहोत, हे ती इंग्रजी भाषेत सांगत होती. हे शिक्षण आपल्या देशात का घेता येत नाही, एकटीने का जायचे, जातीने बहिष्कार टाकला तर काय करणार, अपयश आले तर पुढे काय, असे लोकांच्या मनांतील एकेक प्रश्न घेऊन ती त्यांची शांतपणे उत्तरे देत होती. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे तिने निक्षून सांगितले.

ही तरुणी म्हणजे आनंदीबाई जोशी. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा विवाह झाला, तेव्हा इंग्रजी भाषेची त्यांना ओळखही नव्हती. मग परक्या भाषेत सभा जिंकण्याचे हे सामर्थ्य त्यांच्या अंगी कोठून आले?

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीस होते आणि पत्नीपेक्षा वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. आपल्या पत्नीला विद्या आलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. तो काळ असा होता, की मुलीच्या हाती पुस्तक दिसले तरी शेजारीपाजारी नाके मुरडीत.

गोपाळराव स्वतः पत्नीस शिकवू लागले. त्यांची शिस्त मात्र फार कठोर होती. अभ्यासात हयगय झाली, तर ते रागावत आणि प्रसंगी मारीतही. खेळण्याबागडण्याच्या वयात आनंदीबाईंनी हे सारे सोसले. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर त्यांचा अभ्यासही अलिबाग, कोल्हापूर, मुंबई असा गावोगाव फिरला. मुंबईत त्या पायी शाळेत जात, तेव्हा रस्त्यावरचे लोक त्यांच्याकडे टक लावून पाहत आणि त्यांची टवाळी करीत. तरीही त्यांनी शाळेची वाट सोडली नाही.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. परंतु तो अवघ्या दहा दिवसांत दगावला. या दुःखातून त्यांच्या मनात एक विचार मूळ धरू लागला. संकोचामुळे कितीतरी स्त्रिया पुरुष वैद्यास आपले दुखणे सांगत नाहीत आणि उपचाराविना कष्टी होतात. त्यांच्यासाठी स्त्री डॉक्टर हवी. मग ती आपणच का होऊ नये?

याच सुमारास त्यांच्या आयुष्यात एक पत्र आले. आपल्या पत्नीला अमेरिकेत शिक्षण मिळावे, म्हणून गोपाळरावांनी एका मिशनरी गृहस्थांस पूर्वी पत्र लिहिले होते. ते अमेरिकेतील एका मासिकात छापले गेले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावी राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांच्या दृष्टीस १८८० साली ते पडले. दूरदेशीच्या त्या मुलीविषयी त्यांच्या मनात माया उत्पन्न झाली आणि त्यांनी तिला पत्र धाडले. त्या वेळी जोशी दांपत्य कच्छमधील भूज येथे होते. आनंदीबाईंनी उत्तर लिहिले, आणि सातासमुद्रांपलीकडच्या या दोन स्त्रियांचा पत्रव्यवहार सुरू झाला.

परक्या भाषेत पत्र लिहिणे सोपे नसते. मराठीत ‘मी पत्र लिहिते’ एवढे म्हटले, की ते लिहिणे रोजचे आहे की या घटकेचे, हे प्रसंगावरून कळते. इंग्रजीत मात्र नित्य घडणाऱ्या गोष्टीसाठी क्रियापदाचे एक रूप असते आणि आता चालू असलेल्या गोष्टीसाठी दुसरे. पत्रात तर या दोहोंची पदोपदी गरज पडते. आमच्याकडे लग्ने लहानपणी होतात, हे एका रूपात सांगावे लागते. आज माझे डोके दुखत आहे, हे दुसऱ्या रूपात. शिवाय पत्र समुद्रमार्गे पोहोचण्यास कित्येक आठवडे लागत. वाचणाऱ्यास काही उमगले नाही, तर खुलासा करावयास लिहिणारी जवळ नसे. म्हणून प्रत्येक वाक्य स्पष्टच असावे लागे.

आनंदीबाई आपल्या पत्रांतून हिंदू चालीरीती, बालविवाह आणि स्त्रियांचे आरोग्य यांविषयी लिहीत. आपली प्रकृती बरी नसते, हेही त्या मोकळेपणाने कळवीत. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणू लागल्या. अशा रीतीने धड्यातील भाषा त्यांच्या जीवनाची भाषा झाली. श्रीरामपुरास त्या निर्भयपणे बोलू शकल्या, त्यामागे या पत्रांचा सराव होता.

त्या व्याख्यानानंतर थोड्याच दिवसांनी, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. जिला केवळ अक्षरांवरून ओळखत होत्या, ती मावशी त्यांना घेण्यासाठी आली होती. पुढे फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. हवा थंड, अन्न वेगळे आणि प्रकृती नाजूक. तरी त्यांनी लुगडे सोडले नाही, शाकाहार सोडला नाही आणि अभ्यासही सोडला नाही. प्राचीन हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र या विषयावर त्यांनी इंग्रजीत प्रबंध लिहिला. आपल्या देशातील विद्या त्यांनी आता परक्या भाषेतून जगापुढे ठेवली होती. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभास गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूर येथील रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम आनंदीबाईंकडे सोपविण्याचे ठरले होते. परंतु क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, त्या आजारी अवस्थेतच. ज्या स्त्रियांसाठी त्यांनी एवढे कष्ट उपसले, त्यांची सेवा करण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत जतन केली. ज्या मावशीकडे आनंदीबाईंची पत्रे जात, तिच्याच हाती त्यांचे अखेरचे अवशेष पोहोचले.

बालमित्रांनो, परकी भाषा शिकताना काळ, वचन आणि क्रियापदे यांचा सराव तुम्हांला कंटाळवाणा वाटत असेल. आनंदीबाईंनाही तो करावा लागला. पण आपले घर, आपले दुखणे आणि आपला निश्चय कोणाला तरी खरेपणाने सांगावयाचा आहे, या ओढीने त्यांनी लेखणी हाती धरली. त्या साध्यासुध्या पत्रांनीच त्यांच्यासाठी विद्येचे दार उघडले, आणि त्यातून पुढे कितीतरी भारतीय स्त्रिया गेल्या.